आईच्या पश्चात दादा: तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न | धाकटी बहीण, पुणे

माझा मोठा भाऊ ४३ वर्षांचा असून त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी तो आईबरोबर राहतो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते मागच्या वर्षी गेले आणि आईला आता कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आईचे वय ७४ आहे, गुडघे पार गेले आहेत, तरीही दादाच्या सदऱ्याची वरची दोन बटणे रोज तीच लावते.

माझ्या यजमानांची आणि सासूबाईंची दादाला आमच्याकडे आणण्यास मनापासून संमती आहे, त्यामुळे अडचण तिथे नाही. गावात दादा रोज सकाळी सहाला किटली घेऊन डेअरीवर जातो, दूधवाला वहीत मांडतो, वाटेत चार जण त्याला हाक मारतात आणि तो बरोबर घरी येतो. गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे होता, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पहाटे किटली घेऊन लिफ्टने एकटा खाली उतरला आणि सोसायटीच्या फाटकाशी तासभर उभा राहिला. वॉचमनने त्याला विक्रेता समजून हटकले, म्हणून तो जो घाबरला, तो पुढचे तीन दिवस खोलीबाहेर आला नाही. आई तेव्हापासून म्हणते, "मी आहे तोवर इथंच राहू दे, पुढचं पुढं बघू."

दुसरी काळजी जमिनीची आहे. वडिलांच्या नावावरच्या दीड एकराला अजून वारसनोंद झालेली नाही. चुलते सुचवतात की दादाला व्यवहार कळत नाही, तर त्याचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करावे, म्हणजे पुढे कटकट राहणार नाही. मला हे पटत नाही, पण त्यांना नेमके काय उत्तर द्यावे तेही सुचत नाही. ज्यांनी हे सारे निभावले आहे त्यांनी सांगावे की सुरुवात कागदांपासून करावी की दादाला पुण्याची सवय लावण्यापासून.

उत्तर | निवृत्त लिपिक, सातारा

ताई, आधी चुलत्यांचे उत्तर देतो, कारण त्यात उशीर नको. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम २८ प्रमाणे आजार, व्यंग किंवा कमतरता यांमुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही, म्हणून वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर आई, आपण आणि दादा हे तिघेही सारखे वारस आहात. ज्याला कराराचा अर्थ समजून स्वतःच्या हिताचा निर्णय घेता येत नाही, त्याने केलेला करार भारतीय करार अधिनियम १८७२ प्रमाणे टिकत नाही, तेव्हा अंगठा घेऊन कटकट मिटत नाही, उलट कोर्टाची पायरी चढावी लागते. तलाठ्याकडे तिघांच्या नावाने वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि हा विषय तिथेच थांबवावा.

आता पालकत्व. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत आई ही आपोआप पालक राहत नाही, हे अनेक घरांना बँकेत अडल्यावरच कळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केल्यास दिवाणी कोर्टात न जाता कायदेशीर पालक नेमून मिळतो. नेमणूक झाली की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. लोक या हिशेबाला कंटाळतात, मला मात्र तो चांगला वाटतो, कारण उद्या भावकीत कोणी बोट दाखवले तर आपल्या हातात कागद असतो. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना असून तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. आधीपासूनच्या आजाराचे कारण सांगून ती नाकारली जात नाही.

निवृत्तिवेतनाचेही आत्ताच पाहावे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ प्रमाणे, अपंगत्वामुळे उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकते, म्हणजे आईनंतर ते दादाकडे येऊ शकते. आई हयात असताना दादाची नोंद निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत करून घेतली आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र) तयार ठेवले, तर पुढे फार हेलपाटे पडत नाहीत. नोंद नसल्यामुळे दोन-दोन वर्षे अडकलेली प्रकरणे मी स्वतः टेबलावर पाहिली आहेत.

उत्तर | ताईचा भाऊ, ठाणे

वरच्या उत्तरातील एकाही शब्दाला माझा विरोध नाही, परंतु आमच्याकडे कागद सगळे होते आणि तरीही आम्ही तोंडावर आपटलो, म्हणून लिहितो.

माझ्या मोठ्या बहिणीला बौद्धिक अक्षमता आहे. तिची पालक म्हणून माझ्याबरोबर पत्नीचेही नाव लावून घेतले होते, बँकेत खाते होते, विमा होता. आई हृदयविकाराने अचानक गेली आणि तेराव्यानंतर आम्ही ताईला घरी आणले. पहिल्या आठवड्यात ती जेवेना. भूक नाही, पोट बिघडले असेल, असे समजून आम्ही डॉक्टरांकडे गेलो, औषधे झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. शेवटी आईची एक जुनी शेजारीण भेटायला आली, तिने ताट पाहिले आणि सहज म्हणाली, "अहो, तिला भातावर वरण घातलेलं चालत नाही, वाटी वेगळी लागते." चाळीस वर्षे एका घरात वाढलेल्या भावाला ही गोष्ट ठाऊक नव्हती, कारण ताट नेहमी आईच वाढत असे. त्या दिवशी माझी मलाच फार लाज वाटली.

आपल्या आईंच्या डोक्यात अशा शेकडो गोष्टी असणार. दादा कशाला घाबरतात, दुखत असेल तर कसे सांगतात, फिट येत असेल तर आधी काय दिसते, कोणती गोळी दुधाबरोबर चालत नाही, रडू लागले तर काय केल्याने शांत होतात, हे सर्व एका वहीत उतरवून घ्यावे. आई सांगतील आणि आपण लिहाल असे नको. दोन दिवस गावी राहून त्यांच्या मागे मागे हिंडावे, कारण ज्या गोष्टी आपण करतो हे त्यांनाच ठाऊक नाही, त्या त्या सांगणार नाहीत.

सवय लावण्याबद्दल आमचा अनुभव असा की वर्षातून एकदा दिवाळीला आणणे हे सवय लावणे नव्हे, तो पाहुणचार झाला. दर महिन्याला चार दिवस, तीच खोली, तीच चादर, आणि आई सोबत असताना, असे वर्षभर करावे. किटलीचेही काम इथेच शोधावे. सोसायटीजवळच्या डेअरीवाल्याशी आणि वॉचमनशी आपण स्वतः बोलावे, पहिले पंधरा दिवस सोबत जावे, पुढे दहा पावले मागे राहावे.

उत्तर | एका मुलाची आई, नाशिक

माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे आणि मी निवासी केंद्राचा निर्णय घेतला आहे. ताई, आपण तो शब्दही लिहिला नाही, म्हणून मी लिहिते. आपल्याकडे मुलाला केंद्रात ठेवणे म्हणजे टाकून देणे असेच मानतात, आणि ते बोलणारे बहुतेक लोक एक रात्रही त्याला सांभाळायला येत नाहीत. बदलापूरचे ‘आधार’ पालकांनीच एकत्र येऊन उभे केले आहे आणि तिथे प्रौढ व्यक्ती आयुष्यभर राहतात. पुण्यातच बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची कामायनी ही संस्था १९६४ पासून काम करते आहे. तिथली कार्यशाळा एकदा जरूर पाहून यावी, कारण दादा आपल्याकडे राहिले तरी दिवसाचे सहा-सात तास त्यांना स्वतःचे काम आणि स्वतःची माणसे असणे गरजेचे आहे. घरात सगळे प्रेमळ असले तरी सगळे नोकरीवर जातात, आणि सासूबाईंचेही वय वाढणारच आहे.

आईंना मात्र "तुमच्यानंतर" या शब्दाने विचारू नका. मी स्वतः आई आहे, तो शब्द ऐकला की दार बंद होते. "तुमचे गुडघे दुखतात, म्हणून महिन्यातले चार दिवस आम्ही करतो," असे म्हणा.

धाकटी बहीण, पुणे

सर्वांची मनापासून ऋणी आहे. शनिवार-रविवार गावी जाऊन आले. वारसनोंदीचा अर्ज तिघांच्या नावाने दिला असून चुलत्यांना कलमाचा आकडा सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, चहा मात्र अर्धाच पिऊन उठले. आईला गुडघ्यांचे निमित्त सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "चार नको, तीन दिवस." वहीची साडेसहा पाने भरली. दादा किटली कधीच उजव्या हातात धरत नाही, कारण लहानपणी तो हात भाजला होता, हे मला पहिल्यांदाच कळले.

एक अडचण आहे. दादाच्या अपंगत्वाच्या जुन्या दाखल्यावर घरात हाक मारायचे नाव पडले आहे आणि आधार कार्डावर वेगळे नाव आहे. पालकत्वाच्या अर्जासाठी कोणते धरावे?

निवृत्त लिपिक, सातारा

दोन कागदांवर दोन वेगळी नावे असतील तर अर्ज पुढे सरकणार नाही. वडील शिक्षक होते, तेव्हा दादांचे नाव शाळेच्या पटावर कधीतरी लागले असेल. त्या शाळेतून नोंदवहीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला मिळतो का ते आधी पाहावे, तसेच ग्रामपंचायतीतली जन्मनोंदही काढावी. ती नावे जुळली तर त्याच नावाने यूडीआयडी कार्ड दुरुस्त करून घ्यावे आणि मगच समितीकडे जावे.

धाकटी बहीण, पुणे

चौथीपर्यंत वडिलांनी त्याला स्वतःच्याच वर्गात बसवले होते. उतारा मागायला सोमवारी जाते.