शब्दचर्चा: ‘विविधता स्वीकार चाळणी’ हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

विचारणा (अध्यापक विद्यालय, सोलापूर)
डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक पदविका) प्रथम वर्षाच्या छात्राध्यापकांसाठी एक प्रश्नावली तयार होते आहे. भाषा, जात, धर्म, दिव्यांगत्व, घरची परिस्थिती अशा सगळ्या बाबतींत वेगवेगळी असलेली मुलं वर्गात आपली मानायची तयारी भावी शिक्षकात आहे का, हे पाहायचं आहे. मसुद्याचं शीर्षक ‘विद्यार्थी विविधता स्वीकार चाळणी’ असं आहे. ‘चाळणी’ ठेवावी, की ‘छाननी’, ‘पडताळणी’, ‘चाचपणी’ यांतलं काही? आणि ‘स्वीकार’ पुरतो का?

मराठीचे प्राध्यापक
छाननी कागदांची होते: अर्जांची, प्रमाणपत्रांची. पडताळणी आधी केलेल्या दाव्याची होते; ‘जात पडताळणी’ सगळ्यांच्या परिचयाची आहे. चाळणी म्हटली की काहीतरी टाकून द्यायचं ठरलेलं असतं. ‘चाळणी परीक्षा’ वाचताच उमेदवार ‘मी बाहेर पडणार का?’ एवढाच विचार करतो आणि तिथून पुढे खरं उत्तर देत नाही. या प्रश्नावलीवरून कुणाचा प्रवेश जाणार नसेल तर ‘चाचपणी’ घ्या. तिच्यात अंदाज आहे, निकाल नाही.

‘स्वीकार’ला दोन पदर आहेत. मनापासून घेणं हाही स्वीकार, आणि नाइलाजाने पत्करणं हाही. ‘पराभव स्वीकारला’ म्हणतोच ना आपण. ‘सहिष्णुता’ तर शिक्षकाच्या बाबतीत वापरूच नये. त्या शब्दात समोरचं मूल हा एक त्रास आहे हे आधीच धरलेलं असतं. ‘सामावून घेणं’ मला सर्वांत जवळचं वाटतं, कारण त्यात जागा करून देणं येतं, म्हणजे कृती येते.

अध्यापकाचार्य, सोलापूर
सरांच्या ‘कृती’ शब्दावर सगळं अवलंबून आहे, पण त्याआधी एक नेहमीची गल्लत. अभियोग्यता म्हणजे एखादं काम शिकण्याची, करण्याची क्षमता. अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीकडे, माणसाकडे झुकण्याची किंवा त्यापासून दूर सरण्याची बऱ्यापैकी टिकाऊ वृत्ती. अभिरुची तिसरीच. राज्याच्या शिक्षक भरतीतली २०० गुणांची, १२० मिनिटांची परीक्षा ‘अभियोग्यता व बुद्धिमत्ता’ चाचणी आहे: १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) १५० प्रश्नांपैकी ३० बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्रावर असतात, तेही बहुपर्यायी. समावेशक वर्गाबद्दल, म्हणजे सगळ्या तऱ्हेची मुलं एकत्र शिकतात अशा वर्गाबद्दल, पुस्तकात काय लिहिलंय हे त्यातून कळेल, पण उमेदवार तसं वागेल का, हे कळणार नाही. डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, त्यामुळे तिथेही वृत्ती पाहायला जागा नाही. म्हणून शीर्षकात ‘अभिवृत्ती’ हा शब्द हवाच.

विशेष शिक्षिका, अक्कलकोट
‘विविधता’ आणि ‘व्यक्तिभेद’ एक नाहीत, हेही मसुद्यात स्पष्ट करा. व्यक्तिभेद हा शैक्षणिक मानसशास्त्रातला रुळलेला शब्द; त्यात शिकण्याचा वेग, बुद्धी, आवड येते. घरची भाषा, जात, धर्म, स्थलांतर त्यात नीट बसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि समावेशक शिक्षणाच्या प्रचलित मापन्यांपैकी कित्येक तेवढ्यापुरत्याच बेतलेल्या असतात. तशी मापनी जशीच्या तशी उचलली, तर ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर मधूनच जाणाऱ्या मुलाबद्दल शिक्षकाला काय वाटतं, ते तिच्यात येणारच नाही.

जाता जाता: ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शालेय शिक्षण योजनेच्या कागदांत ‘समावेशित’ असतं, बी.एड.च्या पुस्तकांत ‘समावेशक’. समावेशित म्हणजे ज्याचा समावेश झाला तो. समावेशक म्हणजे समावेश करणारा. शिक्षकासाठी दुसरंच विशेषण बरोबर.

अध्यापकाचार्य, सोलापूर
मॅडम, मसुद्यातली विधानंही तपासायला हवीत. ‘सर्व मुले समान आहेत’ यावर शंभरातले शंभर ‘पूर्ण सहमत’ लिहितील. लिकर्ट यांच्या १९३२च्या पाचबिंदू श्रेणीचा (‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’) दोष इथेच दिसतो: चांगलं उत्तर कोणतं ते दिसतं, आणि माणूस तेच देतो. ‘दिव्यांग व परभाषिक मुलांना वेगळा वर्ग हवा’ यात दोन प्रश्न एकात कोंबलेत, त्यामुळे उत्तर कशाचं ते कळत नाही. विधानात जमातीचं नाव घालणं तर टाळाच. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने चिकटवलेला शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला कायद्यातून गेला, पण ‘अमुक जमातीची मुलं चोरी करतात का?’ असं विचारलं तर प्रश्नच तो शिक्का पुन्हा मारतो.

त्यापेक्षा प्रसंग द्या. उदाहरण: ‘पहिलीतली मुलगी पाणी मागताना नीळ्ळु म्हणते (तेलुगूत पाणी). वर्ग हसतो. पुढच्या दोन मिनिटांत काय कराल, आणि का?’ अर्थ प्रसंगातच लिहा, नाहीतर सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात वाढलेल्यालाच तो कळेल. गुण असे: मुलीलाच ‘पाणी म्हण’ सांगून पुढे गेला, ०. हसणाऱ्यांना फक्त रागावला, १. तिला पाणी दिलं आणि शब्दाचा अर्थ वर्गाला सांगितला, २. त्यापुढे जाऊन फळ्यावर पाणी, नीळ्ळु, कन्नडचं नीरु शेजारी लिहून पाठात वापरलं आणि कारणही पटण्यासारखं दिलं, ३. असे सहा प्रसंग, ४० मिनिटं. उत्तरपत्रिकेवर नाव नको, क्रमांक हवा. आडनावावरून तपासनीसाचाही कल बदलतो. दोघांनी स्वतंत्र तपासावं. एखाद्या प्रसंगात दोघांत एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर तिसऱ्याकडे.

मुख्याध्यापक, दक्षिण सोलापूर
चाळणी नको म्हणता, पण वर्गात मुलाला जातीवरून टोचून बोलणाऱ्याला मग थांबवायचं कुठे? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळालाही मनाई करतं. पण ते घडून गेल्यावर लागू होतं. तोवर मूल शाळा सोडून गेलेलं असतं.

अध्यापकाचार्य, सोलापूर
सर, आंतरवासितेत, म्हणजे छात्राध्यापक शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवतो तेव्हा. तिथे मत विचारावं लागत नाही, वागणं दिसतं. निरीक्षकाने वर्गाचा बैठक-नकाशा काढावा आणि ३५ मिनिटांच्या पाठात कुणाला प्रश्न विचारला, कुणाचं उत्तर अर्ध्यात तोडलं, कुणाला नावाने हाक मारली, झाडायला कुणाला उठवलं, याच्या खुणा कराव्यात. एका पाठावरून काही ठरवू नये. वेगवेगळ्या वर्गांतले निदान पाच पाठ हवेत. मागच्या दोन रांगांत एकही खूण नाही, हे कागदावर दिसलं की छात्राध्यापकाला नाकारता येत नाही. लेखी सूचना, पुन्हा पाठ, तरीही तेच, तर आंतरवासिता अपूर्ण. तुमची चाळणी इथे बसते, वागण्यावर, आणि पुराव्यासह.

प्रवेशालाच मतांवरून अडवण्यात मोठा धोका आहे. अमेरिकेत शिक्षक-शिक्षणाच्या मान्यतेसाठी ज्ञान आणि कौशल्याबरोबर वृत्तीही तपासायची अट होती. तिच्या शब्दसूचीत ‘सामाजिक न्याय’ हे उदाहरण होतं. हा विद्यार्थ्यांच्या राजकीय मतांचा तपास आहे अशी टीका झाली आणि २००६मध्ये ते शब्द काढावे लागले. वर्गात काय करायचं नाही ते नेमकं लिहिलेलं असतं, तर एवढं रण माजलं नसतं. अठराव्या वर्षी घरातून आणलेली मतं दोन वर्षांच्या प्रशिक्षणात बदलू शकतात. बदलायची संधी देण्याआधीच बाहेर काढायचं, तर अध्यापक विद्यालय कशासाठी?

मराठीचे प्राध्यापक
मग दोन कागद, दोन नावं. पहिल्या सत्रातला ‘विद्यार्थी विविधता: अभिवृत्ती चाचपणी’, खाली छापील ओळ: ‘या उत्तरांवरून प्रवेश रद्द होणार नाही.’ दुसरा ‘समावेशक वर्गवर्तन: निरीक्षण नोंद’. त्यात ‘स्वीकारतो’ हे क्रियापद कुठेच नको. ‘विचारतो’, ‘थांबतो’, ‘ऐकतो’, ‘बसवतो’ अशी दिसणारी, मोजता येणारी क्रियापदं घाला.