मदत हवी आहे: मर्यादा वाढवली तरी सर्व्हर पडतोय (तातडीचे)

निशाचर_२२
नमस्कार. आठवडाभर एकाच गोष्टीत अडकलोय. आमचं अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट केलं की दोन दिवस छान चालतं आणि तिसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी मेमरीची एरर देऊन मान टाकतं. मेमरी तर भरपूर आहे, ६४ जीबी, त्यातली निम्मी रिकामी. शोधलं तर सगळीकडे एकच उपाय दिसला, लिमिट्स.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत एनप्रोक, म्हणजे एका युजरच्या प्रोसेसची मर्यादा, वाढवा. ६५५३५ केलं. यूलिमिट -यू ही मर्यादा दाखवणारी कमांड मारून खात्री केली, ६५५३५ च येतंय. मशीन रीबूटही केलं. तरी परत तेच! प्रोसेस मोजल्या तर जेमतेम १८६. १८६ प्रोसेसना ६५५३५ ची मर्यादा कशी पुरत नाही? आज पुन्हा तिसरा दिवस आहे, संध्याकाळच्या आत काहीतरी करायलाच हवं. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

अनुभवी_गडी
लिमिट्स.कॉन्फमध्ये सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही ओळी टाकल्यात का? बरेच जण एकच टाकतात. आणि युजरच्या जागी नुसती चांदणी (म्हणजे सगळे युजर) दिली असेल तर ती रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरला, लागू होत नाही, रूटची ओळ वेगळी लिहावी लागते. बदल केल्यावर लॉगआउट करून परत आत या. मी कायम हेच करतो आणि कायम चालतं.

वाचनमात्र
ही उघड्या फाइलींची मर्यादा आहे. प्रत्येक सॉकेटसुद्धा (नेटवर्कची जोडणी) फाइल म्हणूनच मोजला जातो आणि बऱ्याच ठिकाणी सॉफ्ट मर्यादा १०२४ च असते. नोफाइल वाढवा, गर्दीचा प्रश्न तिथेच सुटेल. माझ्याकडे वेब सर्व्हरला अगदी हेच झालं होतं.

काळी_खिडकी
वाचनमात्र, फाइली संपल्या की "टू मेनी ओपन फाइल्स" असा स्पष्ट संदेश येतो, मेमरीचं नाव निघत नाही. निशाचर, तुम्ही एरर लिहिलीच नाहीत. "मेमरीची एरर" एवढ्यावरून काही कळत नाही. शब्दशः काय आलं? अ‍ॅप्लिकेशन कशात लिहिलंय? लिनक्स कोणतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते सुरू कोण करतं? तुम्ही हाताने, स्क्रिप्टने, की सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम)?

निशाचर_२२
जावा आहे, मला वाटलं ते लिहिलंय. एरर: "आउट ऑफ मेमरी एरर: अनेबल टू क्रिएट न्यू नेटिव्ह थ्रेड". डेबियन १०. सिस्टिमडीची सर्व्हिस आहे, पण त्याचा इथे काय संबंध? मर्यादा तर पूर्ण मशीनलाच लावलीय ना.

मुळाशी
डेबियन १० चा दीर्घकालीन आधारही जून २०२४ मध्ये संपला. सगळ्यात आधी नवीन आवृत्तीवर जा, बाकीचं नंतर.

निशाचर_२२
जायचंय, पण आज संध्याकाळी नाही जाता येणार.

रॅमराया
संदेशातच आउट ऑफ मेमरी म्हटलंय, मग मेमरीच कमी पडतेय. ६४ बिट लिनक्सवर जावाच्या प्रत्येक थ्रेडला (प्रोसेसच्या आत समांतर चालणारं काम) साधारण १ एमबी स्टॅक, म्हणजे त्याची स्वतःची मेमरी, लागतो. हीप (जावाची मुख्य मेमरी) कमी करा म्हणजे स्टॅकना जागा मिळेल, किंवा स्टॅकच २५६ केबीवर आणा. ३२ बिटच्या काळात आम्ही हेच करायचो.

काळी_खिडकी
३२ बिटला ते बरोबर होतं, कारण पत्त्यांची जागाच अपुरी असायची. ६४ बिटला तो १ एमबी आधी फक्त कागदावर राखून ठेवलेला असतो, वापरला तेवढीच खरी मेमरी जाते. इथे संदेशाचा पहिला भाग विसरा आणि शेवटचा वाचा. जावाने कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) नवा थ्रेड मागितला, कर्नल नाही म्हणालं. का नाही म्हणालं हे जावा सांगत नाही, म्हणून तर सगळे रॅमच्या मागे धावतात.

निशाचर, आता तुमच्या १८६ बद्दल. प्रोसेसची यादी देणारं साधं पीएस थ्रेड दाखवत नाही, एका जावा प्रोसेसची एकच ओळ येते. कॅपिटल एलचा पर्याय देऊन मोजा. मर्यादा मोजताना लिनक्स प्रत्येक थ्रेड वेगळा धरतं. आणि सर्व्हिसचं सिस्टिमसीटीएल स्टेटस मारून "टास्क्स" लिहिलेली ओळ जशीच्या तशी इथे टाका.

अनुभवी_गडी
इतकं खोलात कशाला जायचं? लिमिट्स.कॉन्फ बरोबर लिहिलं की झालं. बारा वर्षं सर्व्हर सांभाळतोय.

काळी_खिडकी
अनुभवी, तुमचं काम सुरू कसं करता? एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) आत जाऊन स्क्रिप्ट चालवता का?

अनुभवी_गडी
हो. सोपं आणि हाताशी.

काळी_खिडकी
म्हणूनच तुमच्याकडे चालतं. लिमिट्स.कॉन्फ पॅम (लॉगिन सांभाळणारा भाग) वाचतं, लॉगिन होताना. तुम्ही लॉगिन करता, तुमच्या शेलला (जिथे कमांड टाइप करता त्या प्रोग्रामला) मर्यादा मिळते, शेलमधून सुरू झालेल्या स्क्रिप्टलाही तीच मिळते. सिस्टिमडी मशीन उठताना स्वतः सर्व्हिस सुरू करतं, तिथे कुणी लॉगिन करत नाही. त्यामुळे निशाचर यांनी यूलिमिट मारून जो ६५५३५ पाहिला तो त्यांच्या शेलचा. अ‍ॅप्लिकेशनचा आकडा बघायचा तर प्रोक या फोल्डरमध्ये त्याच्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) फोल्डरात लिमिट्स नावाची फाइल असते, ती उघडा.

अनुभवी_गडी
हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडेही दोन सर्व्हिस सिस्टिमडीवर आहेत, तपासतो.

शब्दवेडी
थोडं अवांतर: थ्रेडला मराठीत काय म्हणावं? प्रोसेसला प्रक्रिया रुळलंय, पण थ्रेडला "धागा" म्हटलं तर इथे गोंधळच होईल, चर्चेलाही आपण धागाच म्हणतो. "तंतू" कसा वाटतो?

मुळाशी
तंतू छान आहे. एका प्रक्रियेचे अनेक तंतू, अर्थही बसतो.

निशाचर_२२
शब्दांचं नंतर बघू का, प्लीज?

हे घ्या. पीएसने थ्रेडसकट मोजले तर चार हजारांच्या वर निघाले, मी हबकलोच. स्टेटसमध्ये "टास्क्स: ४०४६ (लिमिट: ४९१५)". आणि प्रोकमधल्या फाइलीत मॅक्स प्रोसेसेस समोर अडीच लाखांच्या वरचा आकडा आहे. ६५५३५ कुठेच नाही! मग हा ४९१५ कुणी लावला? आम्ही कुणीच नाही.

काळी_खिडकी
सापडला. तो सिस्टिमडीचा टास्क्समॅक्स, एका सर्व्हिसच्या एकूण थ्रेडची मर्यादा. तुमच्या मशीनवर पिड_मॅक्स (पूर्ण मशीनवरच्या प्रोसेस आणि थ्रेडची कमाल मर्यादा) ३२७६८ असणार, त्याचे १५ टक्के म्हणजे ४९१५. काही लिहिलं नाही तर प्रत्येक सर्व्हिसला तेवढेच मिळतात. ही मर्यादा सीग्रुपमधली (कर्नल एका सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेस ज्यात धरतं तो गट) आहे, यूलिमिटचा तिच्याशी काही संबंध नाही. अडीच लाखांची परवानगी असली तरी ४९१५ वर अडणारच.

खात्री हवी तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "फोर्क रिजेक्टेड बाय पिड्स कंट्रोलर" शोधा. फक्त शेवटच्या ओळी बघू नका. एका सीग्रुपसाठी कर्नल ती ओळ पहिल्यांदा अडवलं तेव्हाच लिहितं, नंतर हजार वेळा अडवलं तरी गप्प.

निशाचर_२२
आहे! तीन दिवसांपूर्वीच्या वेळेची एकच ओळ, शेवटी आमच्या सर्व्हिसचं नाव. आम्ही रोज टेल मारून फक्त शेवटच्या ओळी बघत होतो. आता टास्क्समॅक्स इन्फिनिटी करतो.

मुळाशी
इन्फिनिटी अजिबात करू नका. पिड_मॅक्स सगळ्या मशीनचा असतो. या सर्व्हिसने ३२७६८ खाल्ले तर एसएसएचलाही नवी प्रोसेस मिळणार नाही आणि तुम्ही बाहेर अडकाल. आत्ता एक सर्व्हिस पडते, मग मशीन हातचं जाईल. सिस्टिमसीटीएल सेट-प्रॉपर्टीने टास्क्समॅक्स ८००० करा, रीस्टार्टही लागत नाही. आजची संध्याकाळ निघेल.

झटपट_उपाय
रोज पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा प्रोग्राम) सर्व्हिस रीस्टार्ट करा, विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालू आहे.

मुळाशी
त्याने त्रास थांबतो, पण गर्दी वाढली की तीन दिवसांचे दोन होतील, दोनाचा एक. खरा प्रश्न वेगळाच आहे. चार हजार थ्रेड कशाला लागतात? रीस्टार्टनंतर किती असतात आणि रात्री गर्दी ओसरल्यावर कमी होतात का?

निशाचर_२२
८००० केलं, लगेच लागू झालं. जिवात जीव आला. रीस्टार्टनंतर साधारण ३०० असतात असं जुन्या नोंदींत दिसतंय. रात्री कमी होत नाहीत, फक्त वाढणं थांबतं.

मुळाशी
मग गळती आहे. जेस्टॅक ही जावाचे थ्रेड दाखवणारी कमांड मारून थ्रेडची नुसती नावं बघा.

निशाचर_२२
बघितली. पानंच्या पानं अशी: "पूल-१८७१-थ्रेड-१", "पूल-१८७१-थ्रेड-२", "पूल-१८७२-थ्रेड-१", "पूल-१८७२-थ्रेड-२", "पूल-१८७३-थ्रेड-१"... सगळे नुसते वाट बघत बसलेत.

मुळाशी
मधला आकडा पूलचा, म्हणजे कामासाठी तयार ठेवलेल्या थ्रेडच्या गटाचा, असतो. पूल एकदाच तयार केला असता तर तिथे १ किंवा २ दिसलं असतं आणि थ्रेडचा आकडा वाढला असता. तुमच्याकडे उलटं आहे. कुठेतरी दर विनंतीला दोन थ्रेडचा नवा फिक्स्ड पूल बनतो, काम होतं आणि शटडाउन कुणी म्हणत नाही. फिक्स्ड पूलचे थ्रेड काम संपलं तरी जिवंत राहतात, आणि थ्रेड जिवंत म्हणून पूलही मेमरीतून जात नाही. हिशेब करा: १८७३ गुणिले २ म्हणजे ३७४६, त्यात तुमचे मूळ ३००. ४०४६!

रॅमराया
हिशेब अगदी जुळला. मेमरीचा माझा अंदाज मागे घेतो.

निशाचर_२२
तुम्ही सांगितलं तिथेच सापडलं. अहवाल डाउनलोड करायच्या मेथडमध्ये आत शिरताच न्यूफिक्स्डथ्रेडपूल, कंसात २. दोन महिन्यांपूर्वी अहवाल लवकर निघावा म्हणून घातलेलं. आमच्या चाचणीत दहा-वीस अहवाल काढले होते, तेवढ्यात काय दिसणार. आता अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच आठ थ्रेडचा एक पूल बनतो आणि सगळे अहवाल त्यातूनच जातात. आज रात्री चढवतो.

काळी_खिडकी
पूलला थ्रेडफॅक्टरी देऊन "अहवाल" असं नावही लावा. पुढच्या वेळी जेस्टॅक बघताच कोण ते कळेल. आणि टास्क्समॅक्स सर्व्हिस फाइलमध्ये नीट लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी हा ८००० कुठून आला म्हणून कुणीतरी शोधत बसेल.

निशाचर_२२
पाच दिवसांनी लिहितोय. नवीन कोड चढवला, टास्क्समॅक्स मुद्दाम परत ४९१५ वर आणला. काल सगळ्यात जास्त गर्दी होती. टास्क्स: ३१२. आज सकाळी ३०९. काळी_खिडकी, मुळाशी, तुमचे मनापासून आभार. आठवड्याने पहिल्यांदा रात्रभर झोपलो.

अनुभवी_गडी
माझ्या दोन सर्व्हिस तपासल्या. एक ४८०२ वर होती.