मदत हवी आहे: मुलांच्या 110 सीसी एटीव्हीचा मेन जेट आणि पुढचा स्प्रॉकेट

एटीव्ही (कच्च्या जमिनीवर चालणारी चारचाकी गाडी) आडव्या इंजिनची, 4 स्ट्रोक, 19 मिमी कार्ब्युरेटर. सायलेन्सरच्या तोंडातली अडथळ्याची चकती काढून फोमचा एअर फिल्टर लावलाय. तेव्हापासून पाऊण थ्रॉटलवर (अ‍ॅक्सिलरेटर) गाडी गचके खाते. चोक (हवा कमी करणारी झडप) अर्धा ओढला की सरळ पळते. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं निघतंय, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर ते इंजिन ही नळी) जोडावर क्लीनर फवारून पाहिलं, आयडलिंग हललं नाही, त्यामुळे तिथे हवा शिरत नाही.

मूळ मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र, नंबर मोठा तितकं पेट्रोल जास्त) 75 चा. 80 टाकल्यावर गचके कमी झाले, पण पूर्ण गेले नाहीत. आता थेट 85 टाकावा, की 80 ठेवून नीडलची (जेटमधली सुई) क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे सुई वर उचलली जाऊन पेट्रोल वाढेल? नाशिकच्या सुमारे 600 मीटर उंचीवर कोणाला कोणता नंबर लागू पडला? असं पांढऱ्या प्लगवर चालवत राहिलं तर पिस्टन जाईल, म्हणून गाडी सध्या उभीच आहे.

दुसरं, द्राक्षबागेच्या ओळींतल्या भुसभुशीत मातीत ओढ हवी आहे, वेग नको. पुढचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) 17 दाती आहे. 15 केला तर ओढ साधारण 13 टक्के वाढेल. चेन 428, शाफ्ट 20 मिमी, 6 खाचांचा. स्प्लेंडरचा स्प्रॉकेट यावर बसतो का, की सातपूरला (नाशिकची औद्योगिक वसाहत) लेथवर बोअर करून घ्यावा लागेल?

थ्रॉटल अडवणारा स्क्रू आणि दोरीचा किल स्विच (दोरी ओढली की इंजिन बंद) मात्र काढायचे नाहीत. चालवणारं पोर 9 वर्षांचं आहे.