शनीच्या चंद्रांपर्यंत जाऊन काय मिळवले?

सारासार : ग्रहांकडे अंतराळयाने गेली नसती तर टेफ्लॉन (तव्यांवरचा न चिकटणारा लेप) मिळाले नसते, म्हणून या खर्चावर शंका घेणे कृतघ्नपणाचे आहे, असे कालच्या लेखात वाचले आणि राहवले नाही. टेफ्लॉन 1938 साली रॉय प्लंकेट यांना शीतकरणाच्या वायूंवर काम करताना योगायोगाने सापडले. तेव्हा पहिला उपग्रह स्पुटनिक उडायला एकोणीस वर्षांचा अवकाश होता. ज्या पक्षाला खोट्या उपकारांची यादी द्यावी लागते, त्याच्याकडे खरे कारण नसावे. समुद्रतळाचा जेमतेम चौथा भाग नीट मोजलेला असताना शनीकडे जाण्याची घाई कशाला?

ध्रुवबाळ : टेफ्लॉनबद्दल तुमचे बरोबर आहे, परंतु वकिलाने चुकीचा पुरावा दिला म्हणून अशील दोषी ठरत नाही. 2005 साली कॅसिनी यानाने शनीच्या एन्सेलेडस या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरून बर्फाचे फवारे उडताना टिपले, आणि त्याच्या बर्फाच्या कवचाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र असल्याचे पुढे उलगडत गेले. तेवढ्या जवळ गेल्याशिवाय हे कळले नसते. शिवाय उपउत्पादनच हवे असेल, तर ओरखडा पडलेली सीडी वाजते ती माहितीतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या रीड-सॉलोमन पद्धतीमुळे, आणि ती व्हॉयेजर यानांची देणगी आहे.

सारासार : पुन्हा तेच! पद्धत 1960 ची, सीडी बाजारात आली 1982 मध्ये, आणि व्हॉयेजर 2 ने ती वापरली युरेनसजवळ, 1986 मध्ये. देणगी काय उलटी गेली?

ध्रुवबाळ : त्या पद्धतीने संदेश तयार करणारा एन्कोडर 1977 साली उड्डाणाच्या वेळीच यानावर होता. नंतर तिथे जाऊन तो बसवून येणारा कारागीर आपल्या माहितीत असल्यास कळवावे.

जुनाखिळा : सीडी राहू द्या. नोव्हेंबर 2023 पासून व्हॉयेजर 1 निरर्थक आकडे पाठवू लागले. एक मेमरी चिप निकामी झाली होती, म्हणून तिच्यातला कोड तुकडे करून इतरत्र हलवावा लागला. आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. मी एका पगारवाटप प्रणालीतल्या एकाच चलाचा (व्हेरिएबलचा) अर्थ शोधण्यात तीन रात्री घालवल्या आहेत, कारण लिहिणारा निवृत्त झाला होता आणि टिपण एका ओळीचेही नव्हते. टिपणे न लिहिणाऱ्यांना कोणत्याही मोहिमेवर घेऊ नये.

सारासार : आपल्या पगारपत्रकाचा शनीशी संबंध कोणी समजावून सांगेल काय?

खोलपाणी : समुद्राचे नाव तुम्ही घेतलेत, म्हणून बोलते. मी समुद्रतळावर काम करते. आमचा प्रस्ताव फेटाळला गेला, तेव्हा वाचलेले पैसे शनीकडे गेले नाहीत आणि आमच्याकडेही आले नाहीत. गालापागोस बेटांजवळचे समुद्रतळावरचे उष्ण झरे सापडले तेही 1977 सालीच. 2017 मध्ये एन्सेलेडसच्या फवाऱ्यांत हायड्रोजन आढळल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्याचा अर्थ लावताना याच झऱ्यांचा अभ्यास उपयोगी पडला. तेव्हा आमच्या खांद्यावरून बंदूक चालवू नका.

सारासार : समुद्राचा दाखला मागे घेतो, आपले समाधान होवो. टेफ्लॉनवाल्या लेखकाला मात्र सोडणार नाही.

ध्रुवबाळ : आणि सीडीचे काय?

सारासार : एन्कोडर 1977 चा, मान्य. कल्पना 1960 ची आणि ती यानासाठी सुचलेली नव्हती, हे आपणही मान्य करून टाका.