बग प्रेडिक्शनसाठी लेबलं कशी लावायची? मदत हवी आहे

मंडळी, मी सांगलीत पीएचडी करतोय, विषय सॉफ्टवेअर डिफेक्ट प्रेडिक्शन, म्हणजे कुठल्या फाइलीत बग असेल याचा मॉडेलनं अंदाज बांधायचा; त्यासाठी आधी कुठली फाइल बगवाली हे लेबल लावावं लागतं. या विषयात सर्रास वापरले जाणारे नासाचे केसी१, पीसी१ हे डेटासेट नको म्हटलं, २०१३ च्या शेपर्ड वगैरेंच्या पेपरमध्येच त्यातला गोंधळ दाखवलाय, तरी लोक अजून तेच दळण दळतायत. म्हणून मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांचं बिलिंग करणारं एक जावातलं सॉफ्टवेअर आहे त्याची सगळी गिट हिस्टरी (कोडमधल्या प्रत्येक बदलाची, म्हणजे कमिटची नोंद) मागून घेतली. आता अडचण अशी की एसझेडझेडला (बग कुठल्या कमिटमध्ये शिरला ते शोधणारी पद्धत) आधी बग दुरुस्त केलेली कमिट कुठली ते कळायला लागतं, मग ती गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुठल्या कमिटनं बदलली ते दाखवणारी कमांड) लावून मागं जाते, आणि इथं कमिटमध्ये बग आयडी (बगच्या नोंदीचा नंबर) नाहीच, मेसेज काय तर 'अडत्यांचं झालं', 'फायनल', 'फायनल २' 😅 हातानं लेबलं लावायची तर दोघांनी वेगवेगळी लावून कोहेनचा कॅपा (दोघांची लेबलं किती जुळतात त्याचं माप) काढला की पुरतं का?

दुसरं, बगवाल्या फाइली थोड्याच, त्यामुळं सगळ्या चांगल्या म्हटलं तरी अ‍ॅक्युरसी झकास येते, मी एमसीसीच (मॅथ्यूज कोरिलेशन, अशा वेळी अ‍ॅक्युरसीसारखं न फसवणारं माप) देणार. स्मोट (कमी असलेल्या बगवाल्या नमुन्यांसारखे कृत्रिम नमुने बनवून भर घालणं) फक्त ट्रेनिंगवर करायचं हे माहितीय, पण ट्रेन-टेस्ट तारखेनं तोडू की रिलीजनं? कुणी केलं असेल तर सांगा प्लीज, स्क्रिप्ट मिळाली तर सोन्याहून पिवळं.