गोल्डनच्या कानाखाली पुन्हा पुन्हा चिघळणारा चट्टा – मदत हवी आहे

आमच्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याला (नर, वय ५) हॉटस्पॉटचा, म्हणजे कातडीवर अचानक उठून चिघळणाऱ्या ओल्या चट्ट्याचा त्रास आहे आणि तो मुळापासून काही जात नाही. सकाळी केस नुसते ओलसर, एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच तळहाताएवढा लालभडक चट्टा तयार. लस गळते, वास येतो, हात लावू देत नाही. उपचारांनी बरा होतो, केसही उगवतात. मग काही आठवड्यांनी पुन्हा, आणि जवळजवळ दर वेळी उजव्या कानाखालीच.

जखमेची काळजी आमच्या व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) शिकवली तशीच घेतो. निरोगी कातडी दिसेपर्यंत भोवतालचे केस ट्रिमरने काढायचे (कात्री नको, सुजलेली कातडी सहज कापली जाते), क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणाने पुसायचं, कोरडं होऊ द्यायचं. गळ्यात कोन (जखमेला तोंड किंवा पाय लागू नये म्हणून घालायची शंकूसारखी कॉलर). बिचारा दारांना धडकत फिरतो, बघवत नाही. पण कोन काढला की रात्रीत सगळं उकरून ठेवतो.

बरं कसं करायचं ते जमतं आहे, पण हे होतं कशामुळे? अंगावर पिसवा दिसत नाहीत. ओळखीतल्या एकांनी टी ट्री ऑइल लावायला सांगितलंय, ते चालेल का?

प्रतिसाद १
टी ट्री ऑइल अजिबात नको. कातडीतून शोषलं गेलं किंवा चाटलं तर कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. झिंक ऑक्साइड असलेली मलमंही टाळा, ती पोटात जातातच. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या कातडीला आणखी इजा करतात.

आता मूळ प्रश्न. कानाखाली, एकाच बाजूला, म्हणजे आधी कानाच्या आत बघा. कान खाजतो, मागच्या पायाची नखं लागतात गालाला, आणि चट्टा तिथे उठतो. डोकं झटकतो का? कान उलटा करून वास घ्या. हाच चट्टा शेपटीच्या मुळाशी असता तर मी आधी पिसवांची ॲलर्जी आणि गुदग्रंथी तपासायला सांगितलं असतं. तशाही पिसवा दिसत नाहीत म्हणून निश्चिंत राहू नका. कुत्रा त्या चाटून गिळतो आणि ॲलर्जी असेल तर मोजके चावेही पुरतात. बारीक कंगव्यात येणारे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

प्रतिसाद २
गोल्डनच्या गालावरचा चट्टा आहे म्हणून एक सांगते. कडेला बारीक पुळ्या आहेत का? असतील तर संसर्ग केसांच्या मुळांपर्यंत गेलेला असू शकतो, मग वरून पुसून भागत नाही, पोटातून औषध लागतं. ते व्हेटनेच ठरवायचं.

धागाकर्ता
मनापासून आभार. कानात तपकिरी मळ आहे आणि आंबूस वास येतोय, डाव्या कानात काहीच नाही. खालच्या कडेला पुळ्याही दिसल्या. उद्याच नेतो. तोवर कान घरी साफ करू का?

प्रतिसाद १
आत्ता कानात काही घालू नका. पडदा शाबूत आहे की नाही ते आधी बघावं लागतं, आणि मळ पुसून गेला तर तपासायला काय राहणार? त्याचा स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचेवर पसरलेला नमुना) घ्यायला आवर्जून सांगा. यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे की जिवाणू ते त्यातून कळतं आणि दोन्हींची औषधं वेगळी असतात. कोन मात्र तोपर्यंत काढू नका.