मदत हवी आहे: आई-बाबांसोबत युटा, हायवे १२ घ्यावा का?

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई-बाबांना घेऊन लास व्हेगासहून झायन, ब्राइस कॅनियन, कॅपिटल रीफ ही युटातली राष्ट्रीय उद्यानं करत मोआबला जायचं ठरतंय. बाबांचे गुडघे दुखतात, आईला उंचीची धास्ती.

झायनची फारशी चिंता नाही. शटल आहे, रिव्हरसाइड वॉक सपाट आहे. एंजल्स लँडिंग या उभ्या कड्यावरच्या वाटेच्या परमिटच्या सोडतीत आम्ही पडणारच नाही. खरा प्रश्न ब्राइसनंतरचा. तिथून कॅपिटल रीफकडे जाणारा हायवे १२ म्हणजे निसर्गाची लयलूट म्हणतात, पण एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मधल्या हॉगबॅकवर (अरुंद डोंगरधारेवरचा रस्ता) दोन्ही बाजूंना दरी! वरंधा घाटातही आई डोळे मिटून रामरक्षा म्हणते. कुणी घरच्या ज्येष्ठांना घेऊन तिथून गेलंय का? की मुकाट्याने आय-७० महामार्गावरून जावं? मग कॅपिटल रीफ सुटेल, ते जिवावर येतं.

ब्राइसची कड आठ हजार फुटांच्या वर आहे. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना तिथे रात्री त्रास होतो का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अनुभव हवेत.

आणि मोआबजवळच्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीपर्यंतची पायपीट (जाऊन-येऊन पाच किलोमीटर, वर चढ, सावली नाही) बाबांना जमणार नाही. खालच्या व्ह्यूपॉइंटवरून कमान नीट दिसते का, की नुसती टिकलीएवढी?